दर दोन तासांनी

अण्णांच्या पाठीवरचा डाग आम्हाला दिसला तो बनियन बदलताना. माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन अकरा दिवस झाले होते. नऊ दिवस रुग्णालयात काढून परवाच त्यांना घरी आणले होते. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, जुन्या आठ आण्याएवढा जांभळट काळा डाग. आईला वाटले, अॅम्ब्युलन्समधून उतरवताना मुका मार बसला असावा. तिने खोबरेल तेल कोमट करून तिथे हलक्या हाताने चोळायला घेतले.

आमच्या इमारतीत एक निवृत्त सिस्टर राहायच्या. तीस-बत्तीस वर्षे सरकारी रुग्णालयात काढलेल्या. त्यांना बोलावले. त्यांनी चष्मा लावला, अण्णांना कुशीवर घेतले आणि पहिल्यांदा डागाकडे न पाहता हाताची मागची बाजू त्यावर टेकवली. मग शेजारच्या कातडीवर टेकवली. पुन्हा डागावर.

"गरम लागतंय. आणि आत कडक झालंय," त्या म्हणाल्या. "वहिनी, चोळू नका. हे आजचं नाही, दोन-तीन दिवसांमागचं आहे. वर एवढंसं दिसतंय, आत जास्त असणार."

तसेच निघाले. आठवड्याभरात ती कातडी काळी पडली, सुटली, आणि खाली दोन बोटे जातील एवढी खोल जखम होती. ती रुग्णालयात सुरू झाली की घरी, हे मी आजही सांगू शकत नाही. दोन्हीकडे अण्णा उताणेच पडून होते. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड मी नंतर अनेकदा वाचले. रक्तदाब, साखर, मेंदूच्या स्कॅनचा निष्कर्ष, सात गोळ्यांची नावे, पुन्हा दाखवायला यायची तारीख, सगळे नीट लिहिलेले होते. पाठीबद्दल एक अक्षर नव्हते. आणि आम्हीही विचारले नव्हते.

या जखमेला वैद्यकाच्या मराठीत शय्याव्रण म्हणतात. वॉर्डात आणि घरात सगळेच बेडसोअर म्हणतात. नावामुळे वाटते की अंथरूण टोचल्याने होते. ते तसे नाही. जखम होते ती अंथरूण आणि हाड यांच्यामध्ये चिरडलेल्या मांसाला रक्त न मिळाल्याने.

आपली मांडी घालून बसण्याची सवय आठवा. थोड्या वेळाने पाय जड होतो, मुंग्या येतात, आणि आपण नकळत बूड हलवतो, पाय बदलतो. गाढ झोपेतसुद्धा माणूस रात्रभर कुशी बदलत असतो. ही हालचाल विचार करून होत नाही. दबलेल्या भागाला रक्त कमी पडले की तिथल्या नसा निरोप पाठवतात आणि शरीर सरकते. ज्याच्या नसांचा निरोपच पोचत नाही, किंवा निरोप पोचला तरी ज्याचा हात-पाय हलत नाही, किंवा जो गुंगीच्या औषधाखाली आहे, त्याचे हे रात्रंदिवस चालणारे काम बंद पडते. ते काम मग दुसऱ्या कोणाला तरी हाताने करावे लागते. शुश्रूषेचा सगळा मुद्दा इथे आहे.

रक्त सर्वांत बारीक वाहिन्यांतून, केशवाहिन्यांतून, पेशींपर्यंत पोचते. 1930 साली लँडिस या संशोधकाने निरोगी माणसाच्या बोटाच्या केशवाहिनीत सुई घालून आतला दाब मोजला. रक्त आत शिरते त्या टोकाला तो साधारण 32 मिलिमीटर पाऱ्याइतका भरला. बाहेरून त्याहून जास्त दाब पडत राहिला तर वाहिनी मिटू शकते. साध्या गादीवर उताणे झोपलेल्या माणसाच्या कमरेखालच्या हाडावर आणि टाचांवर दाब सहज याच्या वर जातो. म्हणजे आपण सगळेच रोज रात्री ही मर्यादा ओलांडतो. फक्त फार वेळ ओलांडत नाही. 1959 मध्ये कोसिअॅक यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की दाब आणि वेळ यांचे नाते उलटे आहे. जास्त दाब थोडा वेळ पडला तरी मांस मरते, आणि कमी दाब खूप वेळ पडला तरी मरते.

यातही मांस कातडीच्या आधी मरते. स्नायूंना रक्त जास्त लागते, आणि ते हाडाला लागून असतात, तिथे दाब सर्वांत जास्त. म्हणून कित्येक शय्याव्रणे आतून बाहेर येतात. वर डाग दिसतो तेव्हा खालचे नुकसान दोन-तीन दिवसांपूर्वीच झालेले असते. सिस्टरांनी हाताच्या स्पर्शाने जे ओळखले ते हेच.

दाबाच्या जोडीला आणखी काही गोष्टी येतात. रुग्णाला जेवण भरवायला पलंगाचे डोके उंच केले आणि तसेच ठेवून दिले की तो हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड खाली सरकते. मधल्या रक्तवाहिन्या पिळवटल्या जातात. म्हणून जेवणाची वेळ सोडून डोके तीस अंशांपेक्षा जास्त उचलू नये असे सांगतात. लघवी-शौचाच्या ओलीने कातडी भिजून मऊ पडते, डायपरमध्ये तर जास्तच. आपल्याकडच्या वॉर्डांत रबरी चादर, म्हणजे मॅकिन्टॉश, गादी वाचवण्यासाठी घालतात. तिच्यावरची सुती चादर सरकली की रुग्णाची उघडी पाठ घामाने त्या रबरावर चिकटते. ताप, मधुमेह, अंगात रक्त कमी असणे, पोटात प्रथिने न जाणे यांनी व्रणाचे काम आणखी सोपे होते. आठवडाभर नळीतून साखरपाण्यासारखी पेज मिळालेल्या माणसाची कातडी काय झुंजणार?

शय्याव्रणाच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत कातडी शाबूत असते पण लाल होते, आणि बोटाने दाबून सोडले तरी तिथे क्षणभर पांढरे उमटत नाही. दुसरीत वरचा थर सोलवटतो किंवा फोड येतो. तिसरीत जखम चरबीपर्यंत जाते, चौथीत स्नायू, कंडरा, हाड उघडे पडते. पहिली पायरी वेळेत दिसली तर दाब काढल्याने ती परतवता येते. चौथी भरायला कित्येक महिने लागतात, काही वेळा शेजारचे मांस सरकवून लावण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्या वाटेने जंतू हाडात आणि रक्तात गेले तर माणूस दगावतो. भरलेल्या जागेची कातडीही पुन्हा पूर्वीइतकी मजबूत होत नाही.

इथे आपल्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती पुरेशी शिकवली जात नाही. पहिली पायरी 'लाल' म्हणून सांगितली जाते कारण ती वर्णने गोऱ्या कातडीवरून लिहिली गेली. सावळ्या आणि काळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही. दिसते ती जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा किंचित गडद छटा, तीही उजेड चांगला असेल तर. वॉर्डातल्या पिवळ्या दिव्यात किंवा खोलीतल्या झिरो बल्बखाली काहीच दिसत नाही. म्हणून आपल्याकडे डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवायचा. शेजारच्या जागेपेक्षा गरम किंवा गार लागते का, कडक किंवा भुसभुशीत लागते का, रुग्णाला बोलता येत असेल तर तिथे दुखते का. 2016 साली अमेरिकेतल्या या विषयावरच्या तज्ज्ञ मंडळाने 'प्रेशर अल्सर' हे नाव बदलून 'प्रेशर इंज्युरी' केले, म्हणजे व्रणाऐवजी इजा म्हटले. त्याचे कारण हेच, की उघडी जखम होण्याआधीच इजा झालेली असते.

हा आजार जुना आहे. सोळाव्या शतकात आम्ब्रुआज पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने गोळी लागून अंथरुणाला खिळलेल्या एका सरदाराच्या ढुंगणावरची अशी जखम बरी केली. त्याने लिहून ठेवलेल्या उपायांत पिसांची एक लहान उशी आहे, जखमेचा भाग अधांतरी राहावा म्हणून घातलेली. म्हणजे दाब काढा, हे त्याला साडेचारशे वर्षांपूर्वी कळले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात शार्को या थोर मज्जाविकारतज्ज्ञाने मात्र शिकवले की मज्जारज्जूला इजा झाली की कातडीचे पोषण करणाऱ्या नसा बिघडतात आणि व्रण होणारच. कमरेखालचा असा व्रण तो मृत्यूची खूण मानत असे. त्याच्याच काळातल्या ब्राउन-सेकार याने प्राण्यांवर दाखवले होते की दाब आणि लघवीची ओल टाळली तर मज्जारज्जू तुटूनही व्रण होत नाही. पण मान शार्कोचा मोठा होता. व्रण होणारच असे एकदा मानले की मग कोणी पाठ पाहत नाही, आणि पाठ पाहिली नाही की व्रण होतोच. पुढची कित्येक दशके हे चालले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलला मात्र यात शंका नव्हती. 1859 च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात तिने रुग्णाला व्रण झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे स्पष्ट म्हटले. मी या वाक्यावर बराच विचार केला आहे. ते खरे आहे, पण त्याचा वापर दीडशे वर्षे चुकीच्या दिशेने झाला. शुश्रूषेचा दोष म्हणजे परिचारिकेचा दोष, असा अर्थ लावला गेला. व्रण झाला की ड्यूटीवरच्या सिस्टरला बोलायचे. तिच्याकडे त्या रात्री किती रुग्ण होते, हे विचारायचे नाही.

परिचारिकांनीच या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यासही केला. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने वृद्धांच्या वॉर्डात पाहणी केली आणि 1962 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तोवर प्रत्येक वॉर्डाचे आपले लाडके औषध असे. कोणी स्पिरिट चोळे, कोणी साबण, कोणी तेल, कोणी मलम. नॉर्टन यांना दिसले की चोळण्याच्या या द्रव्यांनी काही फरक पडत नाही. फरक पडतो तो रुग्णाला नियमाने हलवण्याने. त्यांनीच कोणाला धोका जास्त हे ओळखण्यासाठी पाच बाबींचे गुणपत्रक तयार केले. शरीराची अवस्था, मनाची जाग, चालणे-फिरणे, हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा, प्रत्येकी एक ते चार गुण; बेरीज चौदा किंवा खाली आली की जपायचे. पुढे 1987 मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकी परिचारिकांचे सहा बाबींचे गुणपत्रक आले, आज मोठ्या रुग्णालयांत बहुधा तेच वापरतात. आपल्याकडे मात्र 'बॅक केअर' म्हटले की अजूनही कितीतरी ठिकाणी स्पिरिट आणि पावडर पुढे येते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, ओल्या अंगावर पावडरीच्या गुठळ्या होतात, आणि गरम झालेल्या डागावर चोळल्याने आतले आधीच दुखावलेले मांस आणखी फाटते. माझ्या आईने केलेले तेच होते, प्रेमाने केलेले.

सर्वांत मोठा पालट घडला तो दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात. 1 फेब्रुवारी 1944 रोजी तिथे मणक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी वेगळा विभाग उघडला आणि तो लुडविग गुटमन यांच्या हाती दिला. गुटमन हे जर्मनीतून 1939 मध्ये निसटून आलेले ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. तोपर्यंत कमरेखाली लुळा झालेला सैनिक काही महिन्यांत मरतो असेच धरून चालत. मरत ते पाठीच्या कुजलेल्या जखमांनी आणि लघवीच्या मार्गातल्या संसर्गाने. गुटमन यांनी एकच गोष्ट हट्टाने चालवली, दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्री, आणि प्रत्येक वेळी कातडी पाहायची. रात्री ते स्वतः उठून वॉर्डात येत आणि काम झाले का ते बघत, असे त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात. कोणतेही नवे औषध त्यात नव्हते.

माणसे जगू लागली. जगलेल्या माणसांनी काय करायचे, हा पुढचा प्रश्न आला, तेव्हा गुटमन यांनी त्यांना खेळायला लावले. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, स्टोक मँडव्हिलच्या आवारात सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ ते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. भारताचे ते पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण. पदकाची गोष्ट सगळे सांगतात. पण ही सगळी क्रीडाचळवळ ज्या पायावर उभी राहिली तो पाया म्हणजे रात्री दोन वाजता कोणीतरी उठून उताण्या माणसाला डाव्या कुशीवर घेणे, हे मला सांगावेसे वाटते.

दोन तास हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. बर्गस्ट्रॉम यांनीच 2013 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांतल्या नऊशेहून अधिक लोकांवर प्रयोग करून पाहिला. दाट फोमची चांगली गादी असेल तर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलल्याने व्रणांच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण त्या गादीवर, त्या देखरेखीत. आपल्या सरकारी वॉर्डातल्या बसक्या कापसाच्या गादीवर हा निष्कर्ष लावून चालणार नाही. एअर बेडबद्दलही असेच. त्यातले कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्याने दाबाची जागा बदलते, मदत होते. पण एअर बेड आणला की घरचे निर्धास्त होतात आणि कूस बदलायचे थांबवतात. मी अशी तीन घरे पाहिली आहेत. एका घरात तर वीज जाऊन पंप बंद पडला होता आणि आजोबा चार दिवस लोखंडी पलंगावर, नुसत्या रबराच्या पिशवीवर होते.

आणि आता मुंबईची एक खोली. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूला रक्त न मिळाल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मधली साडेएकेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी वॉर्ड क्रमांक चारच्या बाजूच्या खोलीत त्यांची शुश्रूषा केली. दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी निकाल दिला, त्या सुनावणीत एक गोष्ट नोंदली गेली: इतकी वर्षे अंथरुणावर असून त्यांना शय्याव्रण झालेले नाही. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल निष्क्रिय दयामरणासाठी वाचतात. शुश्रूषा शिकणाऱ्यांनी तो या एका नोंदीसाठी वाचावा. दिवसातून बारा वेळा धरले तर साडेएकेचाळीस वर्षांत कूस बदलण्याचे किती प्रसंग झाले? एक लाख ऐंशी हजारांहून जास्त. सुरुवातीला ज्या सिस्टर विशीत होत्या त्या निवृत्त झाल्या, त्यांच्यानंतरच्याही झाल्या, आणि ड्यूटी संपताना काम पुढच्या सिस्टरच्या हाती जात राहिले. जगातल्या कोणत्याही रुग्णालयाने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

मग तेच हात आपल्या माणसाच्या पाठीपर्यंत का पोचत नाहीत? हिशेब करून पाहू. समजा चाळीस खाटांचा वॉर्ड आहे, रात्री दोन सिस्टर आहेत आणि स्वतः हलू न शकणारे आठ रुग्ण आहेत. एका रुग्णाला दोघींनी मिळून कुशीवर घ्यायचे, पाठ बघायची, ओले असेल तर पुसून कोरडे करायचे, चादरीच्या सुरकुत्या काढायच्या, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, केस पेपरवर नोंद करायची. घाई न करता आठ मिनिटे तरी लागतात. आठ रुग्णांना चौसष्ट मिनिटे. म्हणजे दर दोन तासांतला निम्म्याहून अधिक वेळ दोन्ही सिस्टर फक्त हेच करत असणार. उरलेल्या वेळात चाळीस जणांची इंजेक्शने, सलाइन, रात्रीचा ताप, नवा दाखल झालेला रुग्ण, कोणाचा तरी अडकलेला श्वास आणि लिहिण्याचे काम. हे जमणार नाही हे सांगायला परिचर्या शास्त्र शिकावे लागत नाही. मग जे चुकल्याने लगेच माणूस मरत नाही ते काम मागे पडते, आणि पाठ त्यात पहिली असते.

भारतीय परिचर्या परिषदेचे मानक सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक असे आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने 1999 मध्ये असे प्रमाण कायद्यातच घातले आणि 2004 पासून लागू केले. असे प्रमाण ही नुसती भावनिक मागणी नाही. लिंडा एकेन यांच्या गटाने 2002 मध्ये पेन्सिल्वेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मरण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. एक रुग्ण. सिस्टरच्या यादीत एक नाव.

आपल्याकडे खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराच्या प्रश्नावर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातसुद्धा वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा अशी शिफारस केली. शिफारस झाली. गावागावांतल्या नर्सिंग होममध्ये आज किती मिळतात ते तुमच्या ओळखीच्या एखाद्या सिस्टरला विचारा. पुष्कळ ठिकाणी कूस बदलण्याचे काम तर मावशी आणि वॉर्डबॉयवर सोडलेले असते, आणि त्यांना ते शिकवलेले नसते. उचलून वळवण्याऐवजी ते रुग्णाला चादरीवरून ओढतात. त्यात कातडी सोलवटते. दोष त्यांना देऊन काय उपयोग?

अमेरिकेत 2008 पासून सरकारी विमा योजनेने असा नियम केला की रुग्णालयात दाखल झाल्यावर झालेल्या तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या व्रणाच्या उपचाराचे जादा पैसे रुग्णालयाला मिळणार नाहीत. तेव्हापासून तिथे दाखल होतानाच प्रत्येक रुग्णाची पाठ पाहून लिहून ठेवतात. आपल्याकडेही दर्जाचे मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निर्देशांकांत रुग्णालयात झालेल्या शय्याव्रणांची मोजणी आहे. मोजणी चांगलीच. पण जिथे आकडा वाढला की सिस्टरला मेमो मिळतो, तिथे आकडा वाढत नाही, नोंद कमी होते. व्रण लपवला गेला तर रुग्णाचे जास्तच वाईट. कोविडच्या काळात अतिदक्षता विभागात रुग्णांना तासन्‌तास पालथे ठेवावे लागले, आणि गाल, हनुवटी, नाक यांवर व्रण झाले. ऑक्सिजनच्या नळीने कानामागे झाले. त्यावेळी ते कोणी लपवले नाहीत, कारण ते कशाने झाले हे सगळ्यांना दिसत होते. मग नळीखाली मऊ पट्टी, डोके ठरावीक वेळाने वळवणे असे उपायही निघाले.

घरी ज्यांच्याकडे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्यांना मी आमच्या सिस्टरबाईंनी शिकवले तेच सांगतो. पूर्ण कुशीवर आडवे करू नका, नाहीतर सगळा भार मांडीच्या वरच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी खोचून निम्मेच कलते ठेवा, साधारण तीस अंश. एकदा डावीकडे, एकदा उताणे, एकदा उजवीकडे. पोटरीखाली उशी घाला, म्हणजे टाच गादीला लागणार नाही. टाचेची जखम लोक फार उशिरा पाहतात. मध्ये भोक असलेली गोल रिंग वापरू नका, तिच्या कडेने रक्त आणखी अडते. खुर्चीत बसवले तर दर पंधरा मिनिटांनी थोडे सरकवा. अंडे, डाळ, दूध, मासे, जे पचेल ते रोज पोटात जाऊ द्या. आणि अंघोळ घालताना रोज एकदा, दिवसाच्या उजेडात, डोक्याच्या मागचा भाग, कान, खांदे, कोपर, कंबर, मांड्या, टाचा या जागांवर हाताची मागची बाजू फिरवा. उघडी जखम असेल तर त्यात घरचे काही भरू नका, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका, ड्रेसिंग शिकलेल्या माणसाकडून करून घ्या.

अण्णांची जखम भरायला पाच महिने लागले. आई, मी आणि माझी बहीण, आम्ही पाळ्या लावून घेतल्या. रात्री बारा, दोन, चार, सहा. घड्याळाचा गजर बंद करायला उठले की आई आधी आपले तळहात एकमेकांवर चोळून गरम करायची आणि मग अण्णांच्या पाठीला लावायची. सिस्टरबाई आठवड्यातून दोनदा यायच्या, जखमेतला कुजका भाग काढायच्या, खोली मोजून वहीत लिहायच्या. आम्ही तिघे, एका माणसासाठी, आणि तरी थकून गेलो. तेव्हा मला त्या रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या दोन मुलींचे चेहरे आठवले, ज्यांच्यावर मी डिस्चार्जच्या दिवशी उगाच आवाज चढवला होता.

तुमच्या घरातल्या कोणाला रुग्णालयात दाखल करायची वेळ आली तर खोलीचे भाडे, एसी, डॉक्टरांच्या भेटीची वेळ हे सगळे विचाराल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा. रात्री या वॉर्डात किती रुग्णांना किती सिस्टर असतात? आणि दाखल करताना पाठ पाहून कोण लिहून घेणार? उत्तर लेखी मागा.